दप्तर आहे, वाचणारा कोठे आहे?

हल्ली कोणत्याही चर्चासत्रास जावे, ‘नॉलेज मॅनेजमेंट’ हे शब्द कानी पडल्यावाचून राहत नाहीत. कंपन्यांच्या सभांतून निघालेला हा शब्दप्रयोग सरकारी परिपत्रकांत शिरला, तेथून विद्यापीठांत गेला आणि आता आपल्या साहित्यमंडळाच्या बैठकींपर्यंत येऊन पोहोचला आहे. मराठीत त्यास ज्ञानव्यवस्थापन म्हणतात. नावाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या नावाखाली धार-देवासच्या मराठी मंडळींत जी एक समजूत मूळ धरू लागली आहे तिच्याविषयी. ती समजूत अशी : आपल्या जुन्या घरांतून पिढ्यान् पिढ्या जपलेली मोडी दप्तरे आहेत, ती एकदाची स्कॅन करून संगणकात भरली, की ज्ञान सुरक्षित झाले आणि आपण पूर्वजांच्या ऋणातून मोकळे झालो.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ज्या कागदाला वाचणारा उरला नाही त्याचे चित्र घेतल्याने न वाचलेल्या एका कागदाचे दोन न वाचलेले कागद होतात, अधिक काही होत नाही. वाचणारी माणसे आधी तयार झाली पाहिजेत, चित्रे त्यांच्या मागून. हा क्रम चुकला तर आणखी काही वर्षांनी दप्तरे आपल्याजवळ असतील, त्यांच्या प्रतिमाही असतील, परंतु त्यांचा अर्थ सांगणारा माणूस उभ्या माळव्यात शोधून सापडणार नाही. कोणास हे बोलणे कठोर वाटेल. तथापि गोड बोलून वेळ घालविण्यासारखी परिस्थिती आता राहिलेली नाही.

ज्ञानव्यवस्थापनाचे आचार्य म्हणून ज्यांची नावे घेतली जातात त्यांचा हवाला देऊनच स्कॅनिंगचा आग्रह धरला जातो. तेव्हा त्यांनी काय सांगितले तेच प्रथम पाहू. पीटर ड्रकर यांनी १९५९ साली ‘ज्ञानकर्मी’ ही कल्पना मांडली. अशा माणसाचे कामाचे साधन त्याच्या डोक्यात असते आणि सायंकाळी तो घरी निघाला की तेही त्याच्याबरोबर घरी जाते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. मूळचे हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ आणि पुढे तत्त्वचिंतक झालेले मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली ‘द टॅसिट डायमेन्शन’ हे पुस्तक लिहून दाखवून दिले, की मनुष्याच्या जाणण्याचा मोठा भाग शब्दांत मांडताच येत नाही. गर्दीत ओळखीचा चेहरा आपण क्षणात ओळखतो. कशावरून ओळखला, हे सांगता येत नाही. या अव्यक्त ज्ञानाचा धागा धरून जपानचे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली ‘द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी’ हा ग्रंथ लिहिला. आज या विषयावर व्याख्यान देणारा प्रत्येक जण त्याचे नाव घेतो.

त्या ग्रंथातील एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. मात्सुशिता कंपनीस घरच्या घरी पाव करण्याचे यंत्र बनवावयाचे होते. पीठ काही केल्या मनासारखे मळले जाईना. मोजमापे झाली, क्ष-किरणांनी पिठाची तपासणीही झाली. उपयोग झाला नाही. शेवटी इकुको तानाका या बाई ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीस राहिल्या. त्याच्या शेजारी उभे राहून पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले, की पीठ ओढताना तो त्यास पीळही देतो. ही गोष्ट त्याने कधी कोणास सांगितली नव्हती, कारण आपण असे काही करतो हे सांगण्यासारखे आहे असे त्यास वाटलेच नव्हते. त्या पिळावरून यंत्राची रचना बदलली आणि यंत्र चालले. आता विचार करा : त्या पाववाल्याची पाककृतीची वही स्कॅन करून ठेवली असती, तर तो पीळ तीत सापडला असता काय? मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून निघालेला हा निष्कर्ष स्कॅनिंगवाद्यांच्या बाजूचा नाही, आमच्या बाजूचा आहे.

याचे उदाहरण शोधण्यास जपानला जाण्याचीही गरज नाही. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले ते १९४८ च्या सुमारास, आणि १९९२ साली देहावसान होईपर्यंत देवासचेच होऊन राहिले. आजाराच्या काळात गाणे बंद होते; ऐकणे बंद नव्हते. माळव्याच्या बायाबापड्या शेतात, ओसरीवर, सणावारी जे गात, ते त्यांनी कान देऊन ऐकले, जमविले, त्यातील स्वरांची वळणे ओळखली आणि त्यांतून नव्या रागांची व बंदिशींची निर्मिती केली. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. लोकधुना तर त्यांच्या आधीही शेकडो वर्षे गावोगाव वाजत होत्या. त्या टेपवर धरून कपाटात ठेवणारा संग्राहक मिळाला असता, तर माळव्याचे लोकसंगीत कपाटात राहिले असते. ते पुढे वाहिले, कारण ऐकणारा कान आधी तयार होता. त्या कानामागे गुरुजनांपाशी केलेली साधना होती. बंदिशींचे स्वरलेखन करून भातखंड्यांनी फार मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु केवळ पुस्तकातील स्वरलेखनावरून कोणी गवई झाल्याचे ऐकिवात नाही. पुस्तक उघडावयाचे ते गुरूजवळ बसून.

आम्ही राज्यशासनाच्या नोकरीत तीसहून अधिक वर्षे काढली. पोलान्यींचे नाव ठाऊक नसतानाही सरकारी कार्यालयात अव्यक्त ज्ञान रोज भेटत असे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी अभिलेखकक्षात एक वृद्ध लिपिक होते. कोणता नकाशा कोणत्या बस्त्यात आहे, कोणत्या बंदोबस्तात गावाचे खसरा क्रमांक बदलले, कोणत्या गावाचे दोन तुकडे होऊन दोन तहसिलींत गेले, हे ते जागेवरून न उठता सांगत. ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणे, सर्व यथासांग झाले. त्यांच्या जवळ बसून चार गोष्टी लिहून घ्याव्यात, हे मात्र कोणास सुचले नाही. तीन महिन्यांनी जमिनीच्या एका प्रकरणात जुनी नोंद हवी झाली. नोंदवही जागेवर होती, पाने शाबूत होती, अक्षर सुवाच्य होते. जुन्या क्रमांकाचा नवा क्रमांक कोणता, एवढेच कोणास सांगता येईना. एका गरीब शेतकऱ्याने त्यापायी दोन वर्षे हेलपाटे घातले. कागद होता आणि ज्ञान नव्हते, याचा अर्थ त्या शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणास कळला नसेल.

आता दुसऱ्या एका पक्षाकडे वळू. स्कॅनिंगवाद्यांना विरोध करणारी मंडळीही आपल्यात आहेत. त्यांचे म्हणणे, की ही पाश्चात्त्यांची थेरे आपणांस कशाला? राजा भोजाची ही नगरी. ज्ञानाची व्यवस्था येथे हजार वर्षांपूर्वीच लागली होती. भोजाच्या विद्वत्तेविषयी आम्हांसही अभिमान आहे. पण अभिमानाने प्रश्न सुटत नाही, उलट आपल्या नगरीचा इतिहासच आमचा मुद्दा सिद्ध करतो. भोजशाळा म्हणून प्रसिद्ध असलेल्या वास्तूत परमारकालीन नागबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय असे काही कौशल्याने बसविले आहेत, की अवघ्या व्याकरणाचा सांगाडा एका दृष्टिक्षेपात यावा. उज्जैनलाही असा नागबंध आहे. ज्ञान थोडक्यात मांडण्याचा इतका देखणा नमुना विरळा. तथापि तो कोणासाठी कोरला? ज्यास व्याकरण शिकविले जात होते त्या विद्यार्थ्यासाठी. ज्याने पाठ घेतला त्यास त्या वेटोळ्यांतून आठवण मिळते; ज्याने घेतला नाही त्यास नक्षी दिसते. पुढे कित्येक शतके येणाऱ्या-जाणाऱ्यांस ती नक्षीच दिसत होती.

त्याच वास्तूतील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांच्यामुळे १९०३ साली तेथील एका शिलेवरील लेख उजेडात आला. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळी मदन नावाच्या कवीने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका तिच्यावर कोरलेली होती. हुल्ट्श या जर्मन पंडिताने तिचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. नाटिकेचे अंक चार. या शिलेवर दोनच. उरलेल्या दोन अंकांची शिला आजवर मिळालेली नाही. म्हणजे पहा, कागदाहून, ताडपत्राहून आणि आजच्या हार्ड डिस्कहून टिकाऊ असा दगड साठवणीसाठी निवडला, तरी अर्धे नाटक गेले. ते म्हणणारे, शिकविणारे, त्याच्या प्रती उतरवून घेणारे लोक राहिले नाहीत, म्हणून गेले. आणि जे अर्धे मिळाले तेही दगडाच्या टिकाऊपणाने मिळाले असे आम्ही म्हणत नाही. शिला जागच्या जागी होती. तिचे मोल जाणणारा मनुष्य संस्थानाच्या नोकरीत होता, म्हणून मिळाले. धारच्या मराठी समाजाने लेल्यांचे स्मरण ठेवावे ते याकरिता.

अर्वाचीन काळात धार जिल्ह्याने आणखी एक प्रयोग पाहिला. १ जानेवारी २००० रोजी येथे ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. आरंभी सुमारे वीस गावांतून संगणक बसवून ‘सूचनालये’ उघडली गेली आणि ती दूरध्वनीच्या तारांनी एकमेकांस जोडली. गावातीलच शिकलेला तरुण ‘सूचक’ म्हणून ते केंद्र चालवी. मंडईतील भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, जातीचे व उत्पन्नाचे दाखले यांसाठी अर्ज, तक्रारी, अशी कामे तेथून होत. त्याच वर्षी या योजनेस ‘स्टॉकहोम चॅलेंज’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आदिवासीबहुल धारचे नाव जगभर गेले. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा उत्साह ओसरलेला दिसला. वीज जाई, तारा बंद पडत, ही कारणे खरीच. परंतु मुख्य अडचण निराळी होती. अर्ज क्षणात तहसिलीत पोहोचे. दाखला मात्र तेथील लिपिकाने जुन्याच पद्धतीने, जुन्याच गतीने तयार करावयाचा असे. दूत वेगवान झाला, ज्याच्याकडे निरोप जावयाचा तो होता तेथेच राहिला.

आम्ही या योजनेची थट्टा करीत नाही. तिने शेतकऱ्यास घरबसल्या भाव कळविला, अडत्याच्या तोंडाकडे पाहण्याची गरज कमी केली, हे मोठे काम होय. लोकांच्या कामास मुदत असावी हा विचारही पुढे रुजला आणि २०१० साली मध्य प्रदेशात लोकसेवा हमीचा कायदा झाला. परंतु जेथे गावचा सूचक हुशार, लोकांच्या विश्वासातला आणि टिकून राहिलेला होता तेथेच सूचनालयास अर्थ होता. संगणक तर सगळीकडे सारखेच होते. हा धडा आपल्याच जिल्ह्यात शिकवून झाला असता, तोच खर्च आणि तीच निराशा आपल्या दप्तरांच्या बाबतीत पुन्हा कशाला?

आता दप्तरांविषयी. पवारांबरोबर माळव्यात आलेली आपली घराणी. कोणी फडणिशी केली, कोणी चिटणिशी, कोणी कमाविसदारी, कोणी देवस्थानची व्यवस्था पाहिली. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये आणि दोन दरबार. कारभार दुहेरी आणि म्हणून कागदही दुहेरी. या कारभाराचे सरकारी दप्तर काही अभिलेखागारांत गेले, काही राजघराण्यांकडे राहिले. त्याखेरीज घरोघरी लाल रुमालांत बांधलेले जे आहे त्यात सनदा आहेत, वतनाचे करीने आहेत, रोजकीर्दी, खतावण्या आणि सोयऱ्याधायऱ्यांची पत्रे आहेत. माळव्यात मराठी माणूस कसा राहिला, काय खाल्ले, कोणाचे देणे कसे फेडले, भिल्लांशी, राजपुतांशी, इंदूर-उज्जैनच्या सावकारांशी कसा वागला, हे इतरत्र कोठेही लिहिलेले नाही. ते याच रुमालांत आहे.

ही अक्षरे वाचणे म्हणजे काय? मोडीत ओळ आधी आखून लेखणी फारशी न उचलता लिहीत जातात. शब्द तोडीत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाळीत नाहीत. एवढे सहा महिन्यांच्या वर्गात शिकता येते. खरे वाचन त्याच्या पुढे सुरू होते. तारखेच्या जागी नुसते ‘छ’ आणि मुसलमानी महिना दिसला, की तो चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस आहे, हे ठाऊक असावे लागते. ‘सुहूर सन समान तिसैन मया व अलफ’ हे शब्द उलगडले म्हणजे ११९८ हा सुहूर सन निघतो. त्यात ५९९ मिळविले, की इसवी सन १७९७-९८ येते. मायन्यावरून लिहिणाऱ्याची आणि ज्यास लिहिले त्याची पायरी कळते. गावाचे जे नाव कागदात आहे ते आज कोणत्या नावाने चालते, हे त्या मुलुखात हिंडलेल्या माणसासच कळते. जुन्या काळी कारकुनाचा मुलगा फडावर उमेदवारी करी, कित्ता गिरवी, पत्रलेखनाचे नमुने सांगणारी मेस्तके पाठ करी आणि मग वर्षानुवर्षे वडीलधाऱ्यांच्या हाताखाली लिहून तयार होई. ओसाकाच्या पाववाल्याजवळ तानाकाबाईंनी केले तेच हे.

यावर उत्तर येते, की आता यंत्रच मोडी वाचील. रुडकीच्या आयआयटीने २०२५ साली मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धीची प्रणाली जाहीर केली, हे आम्ही जाणतो आणि त्याचे स्वागत करतो. पण यंत्र शिकते कशावरून? जाणकारांनी आधी वाचून दिलेल्या पानांवरून. माळव्यातील कारकुनांची वळणे, हिंदी-माळवी शब्दांची सरमिसळ, येथील गावांची नावे, हे त्यास कोण वाचून देणार? आणि यंत्राने चुकीचे वाचले तर ते चुकले, असे सांगणारा कोण असणार? केंद्रसरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन काढले, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा करून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे उद्दिष्ट ठेवले. आकडा मोठा आहे. त्या कोटीत आपली पानेही कदाचित जमा होतील. मोजली जाणे आणि वाचली जाणे यांत जे अंतर आहे ते दिल्लीहून कोणी भरून देणार नाही.

वाचक नाहीसे का झाले, याचाही विचार केला पाहिजे. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. इनामे, जहागिरी संपल्या. सनदेचे कज्जेखटल्यातील मोल गेले आणि ज्या कागदावर घराचे पोट अवलंबून होते तो कागद एकाएकी स्मृतिचिन्ह झाला. शाळांतून मोडी गेली, मुले हिंदीत शिकू लागली. इथवर दोष काळाचा. परंतु पुढचा दोष आपला. आपण दप्तरांस कुलूप लावले. दसऱ्यास रुमालावर हळदकुंकू वाहिले आणि पेटी पुन्हा बंद केली. अभ्यासक दारी आला तर त्यास चहा दिला, कागद दिले नाहीत. ‘आमच्या घराण्याचे कागद’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या कित्येक घरांत त्या कागदांत काय आहे हे एकासही ठाऊक नाही. ज्याचा अर्थ ठाऊक नाही त्याची मालकी कसली?

परिणाम काय झाला तो पहा. देवासच्या थोरल्या पातीचा दरबार जगास माहीत झाला तो ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या लेखणीतून. १९२१ साली तो तेथे महाराजांचा खाजगी चिटणीस होता. आपल्या पत्रांवरून त्याने १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढले. त्याआधी माळव्याचा वृत्तांत जगाने वाचला तो सर जॉन माल्कमच्या १८२३ च्या ग्रंथातून. त्यांनी लिहिले, त्यांचे वाचले गेले. त्यात त्यांचा काय अपराध? फॉर्स्टर देवासात महिने मोजून राहिला. आपली घराणी पिढ्या मोजून राहिली आहेत. त्या दरबारात बसून आपल्या पणजोबांनी जे लिहिले ते तितक्याच जवळून पाहिलेले आहे. ते अद्याप रुमालाबाहेर आलेले नाही.

मराठी माणसास हे काम परके नाही. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, दारोदार नकार पचवीत कागद मिळवीत गेले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड निघाले आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी कागद जमविले त्याहून मोठे काम हे, की मंडळात बसून कागद वाचणाऱ्यांची एक पिढी घडली. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांत पुरा केला. सरकारची वाट न पाहता त्यांनी त्यासाठी कंपनी काढली, भागधारक आणि वर्गणीदार मिळविले, लेखक-सहायकांचा संच बसविला. आपल्या भाषेत ज्ञानव्यवस्थापनाचे आचार्यपद कोणास द्यावयाचे झाले, तर आम्ही ते केतकरांस देऊ. विद्वत्ता आणि हिशेबाची वही ही दोन्ही त्यांनी एका टेबलावर ठेवली.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. आमच्या मते धार आणि देवास येथील मंडळींनी पुढील क्रमाने काम करावे. पहिले, यादी. कागद घराबाहेर न नेता प्रत्येक घरात रुमाल किती, वरवर पाहता कोणत्या काळचे, स्थिती कशी, वाचणारे कोणी आहे काय, एवढेच लिहावे. दुसरे, जोडी. मोडी जाणणाऱ्या प्रत्येक वृद्धाजवळ एक तरुण किंवा तरुणी आठवड्यातून एक दिवस बसावी आणि छापील कित्त्यावर न थांबता घरचेच कागद वाचावेत. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते. तेथून अक्षरे शिकून यावे, अर्थ येथे शिकावा. तिसरे, शब्दांची वही. वाचताना अडलेला प्रत्येक शब्द, गावाचे जुने-नवे नाव, नात्याचा उलगडा, जो सांगेल त्याच्या नावासह तीत लिहावा. झेरॉक्स कंपनीने आपल्या दुरुस्ती-कारागिरांच्या युक्त्या अशाच एकत्र केल्या होत्या. सहकाऱ्यांनी पारखून घेतलेल्या प्रत्येक युक्तीखाली ती सुचविणाऱ्याचे नाव असे, आणि कारागीर पैशापेक्षा त्या नावासाठी उत्साहाने लिहीत. मान मिळाला तर माणूस ज्ञान देतो. चौथी पायरी स्कॅनिंगची. ज्या कागदाचे दोन ओळींचे का होईना वर्णन झाले त्याचे चित्र घ्यावे, वर्णनासह ठेवावे आणि एक प्रत धारला, एक देवासला असावी.

आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. घरच्या गोष्टी बाहेर येतील, दत्तकाचे तंटे, कर्जे, भाऊबंदकी चव्हाट्यावर येईल, असे कोणी म्हणेल. यादी करण्यास हा आक्षेप लागूच होत नाही. कोणता कागद दाखवावा हे घराने ठरवावे. शिवाय पाच-सहा पिढ्यांपूर्वीच्या कर्जाची लाज आज कोणास वाटावी, हे आम्हांस कळत नाही. मुले पुण्यास, बंगळुरास, अमेरिकेस गेली, जवळ बसणार कोण, असे दुसरा म्हणेल. येथे मात्र स्कॅनिंग खरेच उपयोगी पडते : आजोबा देवासात आणि नात परदेशात, दोघांसमोर एकच पान, आणि रविवारी तासभर वाचन. यंत्राचा हा उपयोग आम्ही डोक्यावर घेऊ. मुलांना मराठीच धड येत नाही, मोडी कोठून येणार, असे तिसरा विचारील. तर मग आपल्या हिंदीभाषक शेजाऱ्यांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांस बोलवावे. देवनागरी त्यांस येते, मुलूख त्यांचाही आहे. ज्ञान रक्ताने येत नाही, शिकण्याने येते.

वेळ फार थोडा आहे, हे मात्र कोणी नाकारू नये. दरबारी फडावर उमेदवारी केलेली पिढी गेली. त्यांच्या मांडीवर बसून अक्षरे ओळखायला शिकलेली जी मंडळी आज हयात आहेत ती ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. स्कॅनर पुढील वर्षी आजच्यापेक्षा स्वस्त आणि चांगला मिळेल. त्याची वाट पाहण्यात काही बिघडत नाही. या मंडळींच्या बाबतीत पुढील वर्षाचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून आमची वाचकांस विनंती आहे, की त्रैमासिकाचा पुढील अंक निघण्यापूर्वी आपल्या घरी रुमाल किती आहेत आणि ते वाचू शकणारे कोण आहे, एवढ्या दोन ओळी मंडळाकडे लिहून पाठवाव्यात. दुसऱ्या ओळीत ‘कोणी नाही’ असे लिहावे लागले, तरी ते लिहून पाठवावे. मोडीच्या पहिल्या वर्गास किती पाट मांडावे लागतील, याचा अंदाज त्यावरूनच येईल.